चौल-रेवदंड्याचे जुने बंदर: दप्तरातल्या रुमालापासून वाडीच्या बेड्यापर्यंत

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याच्या जुन्या तटातून आत शिरतो आणि गाव ओलांडून कुंडलिका खाडीवरच्या पुलाकडे बाहेर पडतो. पुण्याची माणसे वर्षानुवर्षे या रस्त्याने जंजिरा पाहायला जात आली आहेत. आपण एका पोर्तुगीज शहराच्या पोटातून चाललो आहोत हे गाडीतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येते, कारण त्या शहराच्या जागी आता नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या आहेत. पलीकडचे चौल त्याहूनही जुने. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ म्हणून येते, कान्हेरीच्या लेखांत ‘चेमुल’ म्हणून आणि अरबांच्या लिखाणात ‘सैमूर’ म्हणून. हे बंदर नीट पाहायचे, म्हणजे आधी कागदांत आणि मग जमिनीवर, असे मी निवृत्तीनंतर ठरवले. त्यासाठी कोणाकोणाची परवानगी लागते, किती थांबावे लागते आणि खर्च कुठे होतो हे मला कोणी एका जागी सांगितले नव्हते, म्हणून हे टिपण.

सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये मोडीच्या वर्गाने झाली. पुण्यात मोडी शिकवणारे वर्ग अधूनमधून भरतात. भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केली की पुढचा वर्ग कधी आहे ते समजते. अक्षरे ओळखू यायला फार वेळ लागत नाही, पण अक्षरे ओळखणे आणि कागद वाचणे यांत मोठे अंतर आहे. शब्द तोडून लिहायची पद्धत नसल्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे अर्थावरून ठरवावे लागते, आणि अर्थ कळायला आधी शब्द कळावा लागतो. आमचे सर म्हणत, ‘‘ताई, रोज अर्धे पान, पण रोज.’’ हा सल्ला मी शब्दशः पाळला आणि दिवाळीपर्यंत मला सरळ वळणाचे हिशेबाचे कागद बऱ्यापैकी लागू लागले. पत्रे मात्र आजही अडतात.

नोव्हेंबरात पुणे पुरालेखागाराकडे, म्हणजे ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात तिकडे, अर्ज करायचे ठरवले. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला हा अर्ज अवघड नाही. त्याच्याकडे मार्गदर्शकाचे पत्र असते. माझ्यासारख्या विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या बाईकडे कोणत्याही संस्थेचे पत्र नव्हते आणि सगळी काळजी त्याचीच होती. शेवटी मोडीच्या सरांनी पत्र दिले. अर्जासोबत ते पत्र, आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे आणि विषयाची टाचणे असे सगळे जोडले. विषय लिहिताना ‘चौलचा इतिहास’ असे मोघम लिहू नये; मी ‘इ. स. १७४० नंतरचा रेवदंडा : बंदर व जकात’ असे लिहिले, आणि त्यामुळे कोणती सूची काढून द्यायची हे तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच समजले. १७४० यासाठी, की १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यानंतर पुढच्याच वर्षीच्या तहाने चौल-रेवदंडा आणि समोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. त्याआधीचे रेवदंड्याचे दफ्तर पुण्यात शोधण्यात अर्थ नव्हता.

परवानगी यायला तीन आठवड्यांहून थोडे अधिक लागले. हा काळ वाया घालवू नका. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून काढलेल्या कागदांचे ४५ खंड छापलेले आहेत, ते देवनागरीत आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत बसून पाहता येतात. मी त्यांतला वसईच्या मोहिमेचा खंड आधी वाचून काढला. मूळ कागद पाहण्याआधी छापील कागद वाचले की त्या काळची भाषा कानात बसते. दुसरे म्हणजे कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे इंग्रजी गॅझेटिअर. (रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये आले, तोपर्यंत तो कुलाबाच होता, त्यामुळे जुन्या सूचीत रायगड शोधत बसू नये.) त्यात चौलवर स्वतंत्र आणि लांबलचक मजकूर आहे, तो संगणकावर फुकट वाचता येतो, आणि त्या वेळी कोणते अवशेष कुठे उभे होते याचे वर्णन त्यात बारकाईने केलेले आहे. मी त्यावरून एक कच्चा नकाशा काढला. पुढे रेवदंड्यात तोच उपयोगी पडला, मोबाइलवरचा नव्हे.

दप्तराची इमारत कौन्सिल हॉलजवळ आहे. दगडी आणि आतून थंड. इंग्रजी अमदानीत इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनने गोळा केलेले कागद इथे येऊन पडले आणि हजारो रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधले गेले. वाचनकक्षात पिशवी बाहेर ठेवायची, शाईचे पेन वापरायचे नाही, शिसपेन्सिल न्यायची. सूचीतून क्रमांक काढून मागणीची चिठ्ठी भरायची आणि रुमाल येईपर्यंत बसायचे. सकाळी कार्यालय उघडताना गेलात तर दुपारच्या सुट्टीआधी एक रुमाल नीट पाहून होतो; अकरानंतर गेलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. प्रती हव्या असतील तर त्यासाठी वेगळा अर्ज आणि पानागणिक शुल्क असते, म्हणून आधी वाचावे आणि मगच प्रत मागावी.

पहिला रुमाल सोडला तेव्हा आत लांबट घड्या घातलेले कागद होते, कडा तपकिरी झालेल्या, मधला भाग मात्र अजून पांढुरका. घडी उलगडताच टेबलावर बारीक चकाकते कण पडले. बोरूने लिहिल्यावर शाई वाळावी म्हणून टाकलेली ती वाळू. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर अभ्यासक म्हणाले, ‘‘पुसू नका, फुंकूही नका, तशीच घडी परत घाला.’’ मी तसेच केले.

कागदांत मला बंदराचे वैभव भेटले नाही हे सांगून टाकते. नारळ, सुपारी, मीठ, त्यांवरची जकात, कोणाकडे बाकी किती, असेच बहुतेक निघाले. आधी थोडी निराशा झाली, पण नंतर हेच महत्त्वाचे वाटू लागले. ज्या चौलात एकेकाळी अरबी घोडे उतरत आणि रेशमी कापड जहाजांवर चढे, त्याच चौलाची ओळख अठराव्या शतकात बागायती गाव अशी झाली होती. खाडी गाळाने भरत चालली होती, मुंबई वाढत होती, आणि चौलचे विणकर तर इंग्रजांनी सतराव्या शतकातच मुंबईत नेऊन वसवायला सुरुवात केली होती. जुने बंदर आज दिसत का नाही याचे अर्धे उत्तर त्या नारळ-सुपारीच्या हिशेबातच होते.

याच काळात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्येही जाऊन आले. डॉ. विश्वास गोगटे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने चौलला उत्खनन केले होते, आणि या वस्तीची मुळे सातवाहनकाळापर्यंत मागे जातात हे त्यातून जमिनीतल्या पुराव्यानिशी पुढे आले. ग्रंथालयात बसायला ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी लागते. दूरध्वनी करून गेलात तर खेप फुकट जात नाही.

जाण्याआधी एक अर्ज मी एका वेगळ्या सरकारी कार्यालयात केला होता, तिवईवर कॅमेरा लावून छायाचित्रे घेण्यासाठी. तो ‘नमुना जुना आहे’ म्हणून परत आला, नव्या नमुन्यात पाठवला तर उत्तरच आले नाही. स्मारकांवर हातात कॅमेरा किंवा मोबाइल धरून छायाचित्रे घ्यायला अडचण येत नाही. तिवई किंवा ड्रोन हवा असेल तर मात्र काही महिने आधी कागद हलवावेत. आम्ही तिवई घरीच ठेवली.

आता भरती-ओहोटी. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट पुळणीवरून पाहायचा असेल तर ओहोटी गाठावी लागते, आणि त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटिका निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत मागे जाते खरे, पण तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि उजेडाची पंचाईत होते. मी दिनदर्शिका पाहून शुक्रवार, १ मार्च २०२४, माघ वद्य षष्ठी हा दिवस धरला. साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या पुढेमागे ओहोटी. जोडीला भाची आली. ती वास्तुरचनाकार आहे आणि तिला भिंती वाचता येतात.

आदल्या दिवशी सकाळी स्वारगेटहून अलिबागची एसटी पकडली. महिलांना अर्धे तिकीट असल्याने दोघींचे मिळून एका पूर्ण तिकिटाचे पैसे झाले. खोपोली, पेण, वडखळ या मार्गाने साडेचार-पाच तास लागतात. वडखळच्या पुढे रस्त्याची कामे चालू असली तर त्याहून जास्त. अलिबागहून मुरूडच्या गाडीने रेवदंडा. वाटेत आक्षीला उतरून शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी शिलालेख पाहिला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. खाली गद्धेगाळ कोरलेला आहे, आणि दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी हजार वर्षांनंतरही अगदी स्पष्ट समजते. रेवदंड्यात एका घरगुती खाणावळीत खोली घेतली. दोघींना मिळून दिवसाला १,५०० रुपये, जेवणाचे माणशी २५० वेगळे. घरच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की वाडीत जायचे तर दहाच्या आत किंवा चारनंतर, दुपारी माणसे पडलेली असतात.

सकाळी आम्ही उत्तरेकडच्या दरवाजापासून सुरुवात केली. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये इथे वखार घातली आणि १५२० च्या दशकात कोट बांधायला घेतला. गावकरी त्याला आगरकोट म्हणतात. दरवाजावरचे राजचिन्ह झिजले आहे, पण उन्हाचा तिरपा झोत पडला की मुकुट आणि त्याखालची ढाल दिसते, आणि थोडे थांबले की ढालीच्या आतल्या बारक्या ढालीही. हे पाहायला सकाळीच जावे, वरून ऊन आले की सगळे सपाट होते. तिथून सातखणी बुरूज. नाव बुरूज असले तरी तो फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा घंटामनोरा; सात मजल्यांपैकी आता काहीच उरले आहेत आणि पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. आत चढायचा मोह टाळावा. भाचीने बाहेरूनच दाखवले की वरच्या मजल्यांचे दगड नुसत्या चुन्याच्या भरवशावर आहेत आणि चुना जागोजागी गळून गेला आहे.

खरा शोध इथून पुढे सुरू होतो, कारण बाकीचे अवशेष खाजगी वाड्यांत आहेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा फलक एखाद्या भिंतीला संरक्षण देतो, पण त्या भिंतीपर्यंतची वाट कोणाच्या तरी पोफळींमधून जाते. बेडे, म्हणजे वाडीचे फाटक, उघडे दिसले म्हणून आत शिरायचे नाही. बाहेर उभे राहून हाक मारायची. आम्ही मारली, तर विहिरीपाशी नारळ सोलत बसलेले काका मान वर न करता म्हणाले, ‘‘कुठले तुम्ही?’’

‘‘पुण्याचे, काका. आत जुनी भिंत आहे ना, ती बघायची होती.’’

‘‘पुण्याचे म्हणजे तुम्हाला इतिहास पाहिजे, शहाळं नको.’’

शहाळी आम्ही आधी घेतली. मग काका स्वतः उठले आणि ‘‘वर बघत चला, झावळी कोणाला विचारून पडत नाही’’ असे बजावत पुढे झाले. वाडीच्या मागच्या अंगाला एक उंच कमान उभी होती, तिच्या एका बाजूला मिरीचा वेल चढवलेला, आणि कमानीच्या आतल्या चौकात आळी करून पोफळी लावलेल्या. भाची कमानीचे दगड मोजू लागली. मी गॅझेटिअरवरून काढलेला नकाशा काकांना दाखवला, तर त्यांनी बोटाने दोन खुणा दुरुस्त केल्या: एक विहीर, जी नकाशात नव्हती, आणि एक भिंत, जी त्यांच्या वडिलांच्या वेळी पडली. त्यांनी शेजारच्या वाडीवाल्यांना हाक दिली आणि त्यानंतर दिवसभर आम्हाला कुठेच अडावे लागले नाही. हे मोलाचे आहे. पहिल्या माणसाशी नीट बोलावे, पुढचे बेडे तो उघडून देतो. निघताना पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत, सुपारी विकत घेतली ती मात्र मोजून दिली.

भुयाराबद्दल सगळेच सांगतात. कोटातून निघून खाडीखालून कोर्लईला जाणारे भुयार आहे, आता बुजवले आहे, आजोबांनी पाहिले होते. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंतच्या भुयाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला हे नवे नाही. मला त्यावर विश्वास ठेवणे जड गेले, कारण ज्या खाडीत गलबते फिरत तिच्या तळाखालून सोळाव्या शतकात बोगदा खणणे म्हणजे काय, याचा विचार केला की गोष्ट तिथेच थांबते. तटातल्या काही अंधाऱ्या दालनांत आणि जिन्यांत या गोष्टीचे मूळ असावे. त्यांत वटवाघळे आहेत आणि जमीन निसरडी आहे. विजेरी असली तरी दाराशीच उभे राहून पाहावे.

साडेदहाला पुळणीवर उतरलो. ओहोटी हिशेबाप्रमाणे होती. तटाच्या पायाशी चालत खाडीच्या मुखाकडे गेले की समोर कोर्लईची डोंगरसोंड अगदी जवळ वाटते, आणि हे बंदर इथेच का वसले ते नकाशाविना समजते: समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला या दोन टोकांमधूनच आत यावे लागे. याच पाण्यात १५०८ मध्ये इजिप्तच्या आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठले आणि पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. तो टिकला नाही. कोर्लई मात्र निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतली आणि मग पूर्ण सोंड तटाने बांधून काढली.

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. शाळा चालू असताना आधी कार्यालयात जाऊन विचारावे. आम्हाला शिपाईदादांनी मधल्या सुट्टीत आत सोडले. हा माणूस १४६९ मध्ये घोडा घेऊन चौलला उतरला, आठ दिवसांनी पालीला पोहोचला आणि तिथून पुढे जुन्नरला. पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला, आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला होता. तो परत मिळवायला त्याला बरीच खटपट करावी लागली. जुन्नर आपल्या जिल्ह्यातले असूनही ही हकीगत मला रेवदंड्याच्या निमित्तानेच माहीत झाली.

दुपारनंतर चौल. इथे रिक्षा ठरवावी. अर्ध्या दिवसाचे आम्ही ८०० रुपये दिले. ‘तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी’ ही चौलची ख्याती आहे, आकडा अर्थातच वर्षाच्या दिवसांचा असणार, पण तळी खरोखर जागोजाग भेटतात. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी मोठी आणि देखणी आहे, आणि सभामंडपात पर्जन्य, वायू व अग्नी अशी तीन कुंडे आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची रीत होती. हमामखाना आणि कलावंतिणीचा वाडा म्हणून ओळखली जाणारी इमारत झाडीत आहे. रिक्षावाल्या दादांना पहिला ठाऊक होता, दुसरीसाठी तीन ठिकाणी विचारावे लागले. मार्चमध्ये झुडपे वाळलेली असतात म्हणून पोहोचता तरी येते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हवेतच. खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत वाळून उकलतात.

शनिवारी कोर्लई. खाली गावात जुन्या पोर्तुगीज वस्तीचे वंशज राहतात आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली त्यांची बोली घराघरांत बोलली जाते. किल्ल्यावर दीपगृहाकडून चढणारी वाट सोपी आहे. पाणी खालूनच न्यावे. वर चढताना एका गावकरीण मावशींनी आम्हाला थांबवून विचारले, ‘‘एकट्याच दोघी? मग उतरताना माझ्या दाराशी सांगून जा.’’ उतरल्यावर सांगायला गेलो, तर त्यांनी चहा टाकला होता.

रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, पाहायचे राहिले. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ त्या दिवशी मुंबईला गेले होते. ते शनवार पाळतात, तेव्हा रविवार ते गुरुवार यांतला दिवस धरून आधी निरोप द्यावा, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दप्तरातले माझे परवानगीपत्र संपत आले आहे. नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि या खेपेला विषयाच्या रकान्यात काकांनी नकाशावर दाखवलेल्या त्या विहिरीसाठी ‘आगरकोटातील विहिरी व बागायत’ हे शब्द वाढवले आहेत.